पाट, टँकर आणि सामाईक विहीर

आमच्या घरामागची विहीर सामाईक आहे. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघांनी मिळून खणलेली. पुढे गडग्यावरून वाद झाला, तो कोर्टात गेला आणि दोन्ही घरांचं बोलणं थांबलं. मला समजायला लागलं तेव्हा पहाटे रहाटावर आमची पाळी असायची आणि उन्हं वर आली की त्यांची. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे न बघता कळशा भरायची. आत्याला कोणी विचारलंच तर ती म्हणायची, "बोलणं सोडलंय, पाणी नाय सोडलं."

हे आठवायचं कारण माझी नोकरी. गुहागर तालुक्यातल्या या घरातून निघून मी अठरा वर्षं एलएनजीच्या, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूच्या जहाजांवर गॅस इंजिनिअर होतो. कतारमधल्या रास लफ्फान बंदरात माल भरायचा आणि गुजरातेत दहेजला आणून द्यायचा, ही माझी नेहमीची वाट. पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आत्याने विचारलं, "तू आणतोस तो गॅस माझ्या शेगडीत येतो होय रे?"

नाही, येत नाही. सिलिंडरमध्ये असतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. थोडा दाब दिला की त्याचा द्रव होतो, म्हणून तो लोखंडी बाटल्यांत मावतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. रिक्षाचा सीएनजी तोच आणि पुण्या-मुंबईत नळाने घरात येणारा गॅसही तोच. त्याला वासही नसतो. गळती कळावी म्हणून वास मागाहून, गॅस गावात सोडताना मिसळतात. त्याचा सगळ्यात मोठा वाटा मात्र स्वयंपाकघरात जातच नाही. भारतात येणाऱ्या आणि निघणाऱ्या गॅसचं मोठं गिऱ्हाईक आहे खताचा कारखाना. युरिया गॅसपासूनच बनतो. त्यामुळे आत्याला मी सांगितलं, "शेगडीत नाही येत, पण भाताला मारतेस त्या गोणीत असतो." ते तिला पटलं की नाही कोण जाणे.

आता विहिरीकडे येतो. इराणच्या आखाताच्या तळाखाली जगातलं सगळ्यात मोठं वायूक्षेत्र आहे. ते एकच आहे, पण मालक दोन. कतारच्या बाजूला त्याला नॉर्थ फील्ड म्हणतात, इराणच्या बाजूला साउथ पार्स. अगदी आमच्या घरामागची विहीर! फरक इतकाच की कतारने आपल्या बाजूने उपसा करून १९९६च्या अखेरीस पहिलं जहाज परदेशी धाडलं, तर निर्बंधांत अडकलेला इराण बाहेर फारसं विकू शकला नाही.

इराणचा गॅस आपल्याकडे पाइपने आणायचा बेत १९८९ पासून होता. इराण, मग पाकिस्तान, मग भारत. लांबी सुमारे २,७०० किलोमीटर. लोक तिला शांतीची पाइपलाइन म्हणायचे. कोकणातल्या माणसाला यातली मेख सांगावी लागत नाही. आमच्या आगरात पाटाचं पाणी वरच्या आगरातून खाली येतं. पाट सगळ्यात स्वस्त. ना पंप, ना डिझेल. पण वरच्याने मनात आणलं तर एक फावडं माती टाकून तो तुमच्या पोफळी वाळवू शकतो, आणि रोज माती टाकत नसला तरी टाकू शकतो हे तुम्हाला रात्री झोपताना आठवतं. दर, वाहतुकीचं भाडं, सुरक्षितता आणि अमेरिकेचा दबाव या सगळ्यात भारत हळूहळू त्या बेतातून बाजूला झाला. इराणने आपल्या हद्दीतली बरीच नळी टाकली. पाकिस्तानातली अजून पुरी झालेली नाही.

दुसरा पाट उत्तरेकडचा. तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमार्गे पंजाबातल्या फाझिल्कापर्यंत, १,८१४ किलोमीटर. डिसेंबर २०१५ मध्ये तुर्कमेनिस्तानात मारी शहराजवळ कामाचा समारंभ झाला आणि आपले तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी त्याला हजर होते. फाझिल्काला गॅस आलेला नाही. तिसरा पाट पूर्वेचा, म्यानमारमधून बांगलादेशमार्गे. तो बोलण्यातच राहिला आणि म्यानमारचा तो गॅस २०१३ पासून पाइपने चीनला जाऊ लागला.

तीनही बाजूंना गॅस आहे आणि तीनही पाट अडलेले. मग उरतो टँकर.

उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावात पाण्याचा टँकर येतो तसाच हा, फक्त आकार वेगळा. मिथेन उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि तो सुमारे सहाशेपट आक्रसतो. या थंड करण्यातच जवळजवळ दहावा हिस्सा ऊर्जा खर्ची पडते. मग तो जहाजाच्या टाक्यांत भरायचा. आमच्या जहाजात १,३८,००० घनमीटर मावायचा. भरण्याआधी टाक्या हळूहळू गार कराव्या लागतात, नाहीतर धातू तडकतो. म्हणून परतीच्या वाटेवरही तळाला थोडा द्रव ठेवायचा. आम्ही त्याला विरजण म्हणायचो. कितीही जाड वेष्टण घातलं तरी दिवसाला दोनेकशे घनमीटर उकळून त्याची वाफ होते आणि तीच वाफ बॉयलरमध्ये जाळून जहाज चालतं. म्हणजे गिऱ्हाइकाचा माल खात खात गिऱ्हाइकाकडे जायचं! दहेजला पोचलो की मोजणी व्हायची. पावती लिटर किंवा टनांत होत नाही, उष्णतेत होते. गॅसच्या बाजारात माणूस विकत घेतो ती ऊब.

रास लफ्फान ते दहेज हा जेमतेम तीन दिवसांचा प्रवास. वाटेत होर्मुझची सामुद्रधुनी. तिच्या सगळ्यात अरुंद जागी रुंदी ४० किलोमीटरही नाही, आणि एरवी जगातल्या एलएनजी व्यापाराचा जवळपास पाचवा हिस्सा या गल्लीतून जातो. रात्रपाळीला इराणच्या किनाऱ्यावरचे दिवे दिसायचे. तेव्हा हटकून मनात यायचं की आपल्या पोटातला गॅस ज्या विहिरीतला आहे, तिचाच दुसरा काठ हा. पाट झाला असता तर या मालाला गोठवायची गरज नव्हती, जहाजाची नव्हती आणि माझीही नव्हती. उणे १६२ अंशांचा सगळा खर्च हा खरं तर अविश्वासाचा खर्च आहे. माझा पगार त्यातून निघत होता, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

टँकरचा गुण असा की वाटेत सहसा कुणी माती टाकू शकत नाही. आणि दोष? तो कुठल्याही गावाला जाऊ शकतो. पाट फक्त खालच्या आगराकडे वाहतो. टँकरवाल्याला मात्र पुढच्या गावातून जास्त पैशांचा फोन येऊ शकतो. २०२१च्या डिसेंबरात नेमकं हेच झालं. युरोपात गॅस टंचाईने महागला आणि आशियाकडे निघालेली काही जहाजं भरसमुद्रात वळली. तेव्हा मी दुसऱ्या एका जहाजावर होतो. जेवायच्या वेळी कॅप्टनने नवं बंदर सांगितलं आणि चमचे खाली ठेवून आम्ही नकाशा बघायला गेलो. चोरी नव्हती, करारभंगही नव्हता. तो माल मोकळ्या बाजारातला होता आणि मालकाने तो जास्त भावाला विकला, इतकंच.

पुढच्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं. २०२०च्या टाळेबंदीत आशियात उष्णतेच्या ज्या एककाला दोन डॉलरही मिळत नव्हते, त्याचा भाव २०२२ मध्ये पन्नास डॉलरच्या वर गेला. जर्मनीने गॅस कुठूनही उचलला. बांगलादेशाला तो भाव झेपला नाही. त्याने मोकळ्या बाजारातली खरेदी थांबवली आणि त्या जुलैत ढाक्यात ठरवून वीज जाऊ लागली. पाकिस्तानने निविदा काढल्या, तर कोणी बोलीच लावेना.

यावरून कुणी म्हणेल, शेजाऱ्यांनी आधी गोडीगुलाबीने राहावं, मग पाट आपोआप वाहील. माझा अनुभव तसा नाही. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारवर बहिष्कार टाकला. विमानं बंद, बंदरं बंद. रास लफ्फानला आमच्या कॅन्टीनमध्ये दूधदह्याचे ब्रँड आठवड्याभरात बदलले. पण कतारहून समुद्राखालून अमिरातीत जाणारी डॉल्फिन पाइपलाइन एक दिवसही बंद झाली नाही. दुबई-अबू धाबीचे वातानुकूलक बहिष्कृताच्याच गॅसवर चालू राहिले. तसंच युक्रेनमधून युरोपात जाणारा रशियाचा गॅस युद्धातही वाहत होता. तो थांबला १ जानेवारी २०२५ ला, कारण करार संपला. उलट जर्मनी आणि रशिया यांचा पन्नास वर्षांचा घरोबा २०२२च्या सप्टेंबरात बाल्टिक समुद्राच्या तळाशी नॉर्ड स्ट्रीमच्या नळ्यांसकट फुटला.

म्हणजे प्रेम असून भागत नाही आणि भांडण असून अडतंच असंही नाही. मग अडतं कशाने? माझ्या मते, वाईट दिवसांत काय करायचं ते चांगल्या दिवसांत लिहून न ठेवल्याने.

याचा धडा आमच्याच दारात आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलला जो वीजप्रकल्प आहे, त्याला जग दाभोळ म्हणतं, जरी दाभोळ खाडीपलीकडे आहे. आमच्याकडे जुनी माणसं त्याला अजून, तो उभारणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या नावाने, एन्रॉनच म्हणतात. वीज परवडेना तेव्हा २००१ मध्ये राज्याच्या वीज मंडळाने ती घेणं थांबवलं आणि गॅस येण्याआधीच सगळं बंद पडलं. तो करार चांगल्या दिवसांपुरता होता. एलएनजी टर्मिनल सुरू व्हायला २०१३ उजाडलं, आणि त्यानंतरही लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाज लागत नसे.

याउलट कतारचा करार बघा. १९९९ मध्ये झाला, पंचवीस वर्षांचा, वर्षाला ७५ लाख टन. म्हणजे आमच्यासारख्या जहाजांच्या सव्वाशेक खेपा. २०१५ मध्ये बाहेर भाव पडले आणि भारताने ठरल्यापेक्षा कमी माल उचलला. कराराप्रमाणे दंड बसत होता, सुमारे १२,००० कोटी रुपये. दोघे पुन्हा बसले. दराचं सूत्र बदललं, दंड माफ झाला आणि बदल्यात भारताने वर्षाला आणखी १० लाख टन घ्यायचं कबूल केलं. २०२२ मध्ये जग पन्नास डॉलर मोजत होतं तेव्हा याच कराराने दहेजला तारलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यात त्यावर पुन्हा सही झाली. २०२८ पासून पुढे वीस वर्षं.

पुढे काय? दक्षिण आशियाचा एकच गॅसबाजार उद्या उभा राहील असं मला वाटत नाही. पण तारा नळ्यांच्या पुढे गेल्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशला गेली. आकडा किरकोळ आहे, तीन देशांचा कागद किरकोळ नाही. आपल्या घरातही कामं आहेत. जून २०२० पासून भारतात गॅसची खरेदी-विक्री करणारा बाजारमंच आहे, पण गॅस अजून जीएसटीत नाही आणि राज्यागणिक कर वेगळा. महाराष्ट्राने एप्रिल २०२२ पासून तो साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला. शेजारच्या राज्याचा हिशेब निराळा. तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला जमिनीखाली कोठारं आहेत, गॅससाठी तशी नाहीत. ज्याच्या घरी रांजण नाही, त्याला टँकरवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो.

निवृत्त होऊन घरी आलो त्या वर्षी विहिरीचा रहाट मोडला. तोवर दोन्ही घरांत पुतणे कर्ते झाले होते. गडग्याचा दावा अजून मिटलेला नाही. पण त्यांनी स्टॅम्प पेपर आणला आणि ओटीवर बसून लिहिलं. पंप दोन, मीटर दोन, पाळीचे तास ठरलेले. शेवटचं कलम मी सुचवलं: मे महिन्यात पाणी तिसऱ्या पायरीच्या खाली गेलं की दोन्ही घरांनी उपसा निम्मा करायचा, आणि त्या दिवसांत कुणी टँकरवाल्याला पाणी विकायचं नाही.

पलीकडच्या घरच्या काकांनी सही केली. माझ्याशी बोलले नाहीत.