ताणसुताचे वेष्टन
मोज्याची वरची कड पायाला घट्ट बसते, ती तिच्यातील ताणसुतामुळे. पूर्वी हे काम रबराचा धागा करीत असे. १९५८ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा शोध लावला. हा धागा मूळ लांबीच्या पाचपट व त्याहूनही अधिक ताणला जातो. परंतु कापडास एवढ्या ताणाची गरज क्वचितच असते. म्हणून तो ताणून धरून त्याभोवती नायलॉन वा सुती धाग्याचे वेढे देतात. ताण सोडताच आतील गाभा आखडतो व वेढे जवळ येतात. सूत पुन्हा ओढले असता वेढे सरळ होऊ लागतात आणि ते किती ताणले जावे याची मर्यादा तेच ठरवितात. गाभ्याला हा एक लगामच होय.

खरी मेख वेढ्यांच्या संख्येत आहे. ते विरळ असल्यास गाभा उघडा पडतो. फार दाट असल्यास एकमेकांस अडतात व सूत पुरते आखडत नाही. एकाच दिशेने वेष्टिलेले सूत सैल सोडताच स्वतःभोवती गुरफटते, यास्तव दुसरा थर उलट दिशेने देतात. असे सूत महाग पडते, हे खरे. लहान कारखानदारास एकेरी वेष्टनाचा मोह होतो. मात्र विणताना गुरफटलेले सूत सुईत अडकले, की वाचविलेले पैसे तेथेच खर्ची पडतात.