ब्लॉक निघाला, पण कोणता?

“बाबांच्या हार्टमध्ये ब्लॉक निघाला.” सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय असो की सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, तिथून आलेला माणूस घरी हे सांगतो आणि समोरचा लगेच विचारतो, “किती टक्के? स्टेंट टाकला का?” प्रश्न आपुलकीचाच असतो, पण पुष्कळदा तो भलत्याच आजाराचा असतो.

घरात नळ वेगळे आणि विजेच्या तारा वेगळ्या, तसंच हृदयाचं आहे. टक्के आणि स्टेंट ही नळाची भाषा. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या चरबी साचून अरुंद होतात, त्याला आपण ब्लॉकेज म्हणतो. ‘हार्ट ब्लॉक’ मात्र तारांचा दोष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगवर्गीकरणात दोघांची घरंही वेगळी आहेत: धमन्यांचा जुना आजार आय२५ मध्ये, वहनाचे दोष आय४४ आणि आय४५ मध्ये. स्टेंटने तार दुरुस्त होत नाही, पेसमेकरने धमनी मोकळी होत नाही. हार्ट अटॅकमुळे तारांनाही इजा होऊ शकते, एवढं नातं मात्र दोघांत आहे.

वर्धेकरांना हे रेल्वेवरून चटकन कळेल. नागपूरकडून आलेल्या गाड्यांना सेवाग्रामपाशी दोन वाटा फुटतात: एक वर्धा जंक्शनवरून भुसावळकडे, दुसरी हिंगणघाटवरून बल्लारशाहकडे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात निघालेला विजेचा संदेशही एव्ही नोड नावाच्या ठाण्यावर क्षणभर थांबतो आणि पुढे उजव्या-डाव्या फांद्यांतून खालच्या कप्प्यांत पोचतो.

‘ब्लॉक म्हणजे आता हृदय बंद पडणार’ ही भीती इथेच तपासून पाहावी. पहिल्या दर्जाच्या ब्लॉकमध्ये (आय४४.०) प्रत्येक गाडी पोचते, फक्त उशिरा. ईसीजीवर पीआर हे अंतर ०.२० सेकंदापेक्षा, म्हणजे पाच लहान चौकटींपेक्षा जास्त भरतं. बहुतेकांना त्यासाठी काहीच करावं लागत नाही.

पूर्ण ब्लॉकची (आय४४.२) गोष्ट वेगळी. वरून एकही संदेश खाली येत नाही. खालचे कप्पे स्वतःच्या संथ लयीत, अनेकदा मिनिटाला ४० पेक्षाही कमी ठोके देत राहतात. माणसाला चक्कर येते, तो अचानक कोसळतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा अशी चक्कर उन्हाच्या नावावर खपते. कधी तिला मिरगी म्हणतात. म्हातारं माणूस पुन्हा पुन्हा चक्कर येऊन पडत असेल, तर मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. ती फार कमी भरली, तर त्याच दिवशी ईसीजी काढा.

पूर्ण ब्लॉक म्हणजे पेसमेकर ठरलेलाच, असंही नाही. रक्तदाबाची काही औषधं, डिगॉक्सिन, मूत्रपिंडाच्या आजारात वाढलेलं पोटॅशियम यांमुळे झालेला ब्लॉक कारण दूर केल्यावर जाऊ शकतो. तसं कारण नसेल तर पेसमेकरला पर्याय नाही, आणि त्याला घाबरण्याचंही कारण नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. पुढे यंत्रं अनेकदा बदलावी लागली, पण ते २००१ पर्यंत जगले.

‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ (आय४५.१) वाचून हृदयाची उजवी बाजू निकामी झाली असं समजू नये, तो धडधाकट माणसातही आढळतो. डाव्या फांदीचा ब्लॉक (आय४४.७) दिसला तर इको करून घ्यावा. सोबत छातीत दुखत असेल तर क्षणाचाही उशीर नको.

आणि कोड कळला म्हणजे आजार कळला, असंही नाही. दुसऱ्या दर्जाच्या ब्लॉकमध्ये काही संदेश पोचतात, काही गळतात. त्याच्या दोन जाती आहेत. वेंकेबाख जातीचा ब्लॉक झोपेत किंवा खेळाडूंमध्येही दिसतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. मोबिट्झ-२ अचानक पूर्ण ब्लॉकमध्ये बदलू शकतो, म्हणून त्याला सहसा पेसमेकरच सुचवतात. आयसीडी-१० मध्ये दोन्हींचा कोड एकच: आय४४.१. डॉक्टरांनी नुसतंच ‘हार्ट ब्लॉक’ लिहिलं, तर नोंद आय४५.९ या ‘अनिर्दिष्ट’ खणात जाते. माझ्या मते रुग्णाचं खरं नुकसान इथे होतं, कारण पुढच्या डॉक्टरांना त्यातून काहीच कळत नाही. सुटीच्या कार्डावर कोणत्या दर्जाचा आणि कोणत्या जातीचा ब्लॉक आहे ते शब्दांत लिहून मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांवरचा पॅकेजचा कोड उपचाराचा असतो, निदानाचा नव्हे.

शेवटी एक विनंती. ईसीजीचा कागद बहुधा उष्णतेने उमटणारा असतो. प्लास्टिकच्या पिशवीत तो फिका पडतो, लॅमिनेशन केलं तर काळा होतो. घरी पोचण्याआधी त्याची झेरॉक्स काढा आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला ती सोबत न्या.