सवलतीचं गणित आणि जवसाचं रसायनशास्त्र

सिटीवेस्टमधल्या मराठी घरांचा बाजार बहुधा तीन ठिकाणी विभागलेला असतो. डाळ, तांदूळ, पीठ भारतीय दुकानातून, दूध-भाजी सुपरमार्केटमधून, आणि जवस, अक्रोड, इसबगोल, व्हिटॅमिनच्या गोळ्या 'हेल्थ फूड'च्या दुकानातून. पहिल्या दोन ठिकाणचे भाव आपल्याला तोंडपाठ असतात. तिसऱ्या ठिकाणी मात्र दर आठवड्याला बदलणाऱ्या रंगीत पाट्या असतात आणि आपण गोंधळतो. थोडं गणित आणि थोडं रसायनशास्त्र वापरलं, की हा गोंधळ बराच कमी होतो.

आधी गणित

'एक घ्या, दुसरं अर्ध्या किमतीत' म्हणजे ५० टक्के सवलत नव्हे. दोन पाकिटांना दीड पाकिटाचे पैसे, म्हणजे सवलत २५ टक्के. 'दोनच्या किमतीत तीन' म्हणजे ३३ टक्के. आता यात वाया जाणारा माल धरा. पहिल्या योजनेत दुसऱ्या पाकिटातलं निम्मं जरी फेकलं, तरी सगळी सवलत संपली. खरी किंमत म्हणजे दिलेले पैसे भागिले *खाल्लेला* माल. घेतलेला माल नव्हे!

इथे कायदा आपल्या बाजूने आहे. युरोपीय संघाच्या १९९८ च्या नियमानुसार बहुतेक मालावर प्रतिकिलो किंवा प्रतिलिटर भाव दाखवावा लागतो. पाटीवरच्या मोठ्या आकड्याखालचा तो बारीक आकडाच वाचायचा. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून आयर्लंडमध्ये 'किंमत कमी केली' असं जाहीर करताना, त्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगावी लागते. 'एकावर एक' छापाच्या योजना मात्र या नियमात बसत नाहीत. तिथे प्रतिकिलो भाव हाच आपला आधार.

मग रसायनशास्त्र

साठा कशाचा करावा? बाजरीचं पीठ काही दिवसांत कडवट होतं, हे आपल्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे. दळताना दाण्यातलं तेल आणि लायपेज हे विकर एकत्र येतात, तेलाचं विघटन सुरू होतं आणि पुढे हवेतला ऑक्सिजन भर घालतो. हेच तत्त्व हेल्थ फूडच्या कपाटाला लावून पाहा.

- जवस: इथे पाकिटावर 'लिनसीड' किंवा 'फ्लॅक्ससीड' लिहिलेलं असतं. यात सुमारे ४० टक्के तेल आणि त्यातलं निम्म्याहून अधिक ओमेगा-३, म्हणजे ऑक्सिजनला सहज बळी पडणारं. अख्खे दाणे टरफलामुळे महिनोन्‌महिने टिकतात. सवलतीत अख्खे घ्या आणि चटणीपुरते भाजून कुटा. दळलेल्या जवसाची दोन पाकिटं स्वस्त मिळाली तरी नकोत.
- अक्रोड: सोललेले असतील तर फ्रीजमध्ये जागा असेल तेवढेच.
- ओट्स: कारखान्यात वाफ आणि उष्णता देऊन लायपेज निष्क्रिय केलेलं असतं. खुशाल साठवा.
- इसबगोल: मुख्यतः तंतू, तेल नगण्य. कोरडं ठेवलं की झालं.

तारीख जवळ आलेल्या मालाच्या फळीवर दोन शब्दप्रयोगांत फरक करा. 'बेस्ट बिफोर' ही चव आणि दर्जाची तारीख, ती उलटली तरी माल विकता येतो आणि बहुधा खाताही येतो. 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख, तिच्यापुढे जाऊ नये.

'नॅचरल' की 'ऑरगॅनिक'?

'ऑरगॅनिक' या शब्दामागे कायदा, तपासणी आणि हिरव्या पानाचं युरोपीय चिन्ह आहे. प्रक्रिया केलेल्या पदार्थात शेतीजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के सेंद्रिय असतील तरच ते चिन्ह मिळतं. 'नॅचरल' या शब्दामागे तसं प्रमाणपत्र नसतं. म्हणून केवळ त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

गोळ्यांचं कपाट

आयर्लंडमध्ये बहुतेक किराण्यावर व्हॅट शून्य टक्के आहे, पण २०२० पासून पूरक गोळ्यांवर तो १३.५ टक्के आहे. हळदीच्या कॅप्सूलवर कर, फोडणीतल्या हळदीवर नाही! तरी एका गोळीसाठी या कपाटाकडे जायलाच हवं. डब्लिन ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात इथल्या उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व बनवता येईल इतके अतिनील-ब किरण नसतात. आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन उरलेलेही अडवतं. म्हणूनच आयरिश आरोग्य विभाग १२ ते ६५ वयोगटाला हिवाळ्यात रोज १५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगतो, आणि गडद त्वचेच्या लोकांना वर्षभर. लहान मुलांची मात्रा वेगळी, ती डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला विचारा.

१५ मायक्रोग्रॅम म्हणजे ६०० आययू. डब्यांची तुलना या मात्रेच्या एका दिवसाच्या खर्चावर करा. 'चौपट ताकद, त्याच किमतीत' ही सवलत नाही, कारण शरीराला चौपट नकोच असतं.

बाजाराला निघताना यादीत प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे लिहा: नेहमीचा प्रतिकिलो भाव आणि महिन्याचा खप. सवलतीची पाटी दिसली की आधी पहिला आकडा पाहा, मग दुसरा. दोन्हींत बसली तरच वस्तू पिशवीत.