अर्धशिशीची मोजदाद

आजी सहाणेवर सुंठ उगाळायची, कोमट लेप आईच्या कपाळावर लावायची आणि खिडकीचा पडदा ओढायची. मग तास-दोन तास घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. अर्धं डोकं ठणकतं म्हणून अर्धशिशी. सुश्रुतसंहितेतला ‘अर्धावभेदक’ही हेच सांगतो, आणि प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनचा ‘हेमिक्रेनिया’ही. त्यावरूनच पुढे ‘मायग्रेन’ शब्द आला.

कारण मात्र शतकानुशतकं बदलत गेलं. गॅलननं पोटातून वर चढणाऱ्या पित्ताच्या वाफांना दोष दिला. १७व्या शतकात थॉमस विलिसनं रक्तवाहिन्यांवर बोट ठेवलं आणि विसाव्या शतकात हॅरल्ड वोल्फनं तोच धागा पुढे नेला. आज लक्ष आहे ते चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेवर आणि तिथे पाझरणाऱ्या सीजीआरपी या प्रथिनासारख्या रेणूवर. तो अडवणारी औषधं २०१८पासून वापरात आहेत.

पण हे दुखणं आहे तरी किती जणांना? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन १८ ते ६५ वयाच्या २,३२९ जणांना विचारलं. वर्षभरात डोकं दुखलेले निघाले सुमारे ६४ टक्के, आणि अर्धशिशीचे २५ टक्के, म्हणजे चौघांत एक! बायकांत प्रमाण जास्त. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की या तऱ्हेच्या पाहणीत नोकरीच्या बुडालेल्या दिवसांबरोबर घरकामाचे बुडालेले दिवसही विचारतात. आईचे ते दिवस कुणीच मोजले नव्हते.