लाकूड घ्यावं तोंड बघून!

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमची आजी दोन तास देवघरात अडकली. कुणी कोंडलं नव्हतं. कडीसुद्धा लागलेली नव्हती. दारच फुगून बसलं होतं! आतून आजी ओढतेय, बाहेरून आम्ही ढकलतोय, पण दार ढिम्म हलेना. शेवटी सुतारकाकांनी पहार घालून ते उचकटलं. आजी शांतपणे पोथी घेऊन बाहेर आली. "दोन अध्याय जास्त झाले," म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं दार पावसाळ्यात असं रुसत असेल. मग आपण त्याच्यावर रंधा मारून घेतो आणि उन्हाळ्यात त्याच दाराला ही फट पडते! असं का होतं? लाकूड घेतानाच काही काळजी घेता येते का? यंदा मे महिन्यात नव्या दारासाठी साग घ्यायचा होता, तेव्हा सुतारकाकांबरोबर मीही पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये गेलो.

जाताना रिक्षातच काकांनी पहिला धडा दिला. झाड तोडलं तरी लाकडाचं पाणी पिणं काही सुटत नाही. लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी. पाणी नळ्यांच्या पोकळीत असतं, तसंच त्यांच्या भिंतींमध्येही मुरलेलं असतं. हवा कोरडी झाली की भिंतींतलं पाणी उडतं आणि नळ्या आक्रसतात. दमट हवेत त्या पुन्हा फुगतात. गंमत म्हणजे नळ्यांची लांबी जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून दार उंचीला वाढत नाही, रुंदीला फुगतं!

वखारीत पोचलो. एक रुंद, सोनेरी फळी बघून मी खूश झालो. काका म्हणाले, "वरून काय बघताय? तोंड बघा तिचं!"

फळीचं तोंड म्हणजे तिचं कापलेलं टोक. तिथे झाडाच्या वर्तुळांचे तुकडे रेषांसारखे दिसतात. सागाची वर्तुळं तर चांगली ठळक असतात. माझ्या फळीत त्या रेषा आडव्या, हसऱ्या ओठांसारख्या वाकलेल्या होत्या. "ही वाळली की पन्हाळीसारखी वाकणार," काकांनी निकाल दिला. कारण लाकूड वर्तुळाच्या रेषेबरोबर जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. दोन दिशांची ओढ सारखी नसली की फळी वाकणारच. ज्या फळीच्या तोंडावर रेषा उभ्या असतात, म्हणजे जाडीतून वरखाली जातात, ती पुष्कळ सरळ राहते. पण एकामागून एक फळ्या पाडत ओंडका चिरला, तर अशा फळ्या मधल्या भागातच मिळतात, त्यामुळे त्या महाग पडतात. अगदी मधोमध झाडाचा कणा आलेली फळी मात्र काकांनी हातानेच बाजूला सारली. ती हमखास चिरते म्हणे.

दुसऱ्या एका फळीच्या कडेला फिकट पांढरा पट्टा होता. तो सालीलगतचा भाग. सागाच्या गाभ्यात तेल आणि वाळवीला न आवडणारी द्रव्यं असतात. पांढऱ्या भागात ती फारशी नसतात, उलट किड्यांना खाऊ भरपूर असतो. "पॉलिश केलं की रंग एक होतो, पण किड्याला बरोबर कळतं!" काका म्हणाले.

मग एक डोळा मिटून, बंदुकीचा नेम धरावा तशी प्रत्येक फळी त्यांनी टोकाकडून पाहिली. पीळ दिसला की बाद. मोठी, सुटू पाहणारी गाठ असली तरी बाद. बारीक पक्क्या गाठीला त्यांची हरकत नव्हती.

खरी मजा पुढेच आली. मालक सारखं सांगत होते, "माल एकदम सुका आहे!" काकांनी पिशवीतून ओलावा मोजायचं छोटं यंत्र काढलं. त्याच्या दोन सुया फळीत टोचल्या, आकडा आला १३. मी म्हटलं, "वा!" पण काका काही हलले नाहीत. त्यांनी टोकाकडून वीतभर तुकडा कापायला लावला आणि आतल्या ताज्या लाकडात सुया टोचल्या. आकडा आला २२! वरचा थर आधी वाळतो, पोट ओलंच राहतं. दारासाठी १२ टक्क्यांच्या आसपास हवं, म्हणजे १०० ग्रॅम कोरड्या लाकडामागे साधारण १२ ग्रॅम पाणी. मालक गप्प झाले आणि आम्ही पुढच्या वखारीत गेलो. आजीच्या जुन्या दाराचं लाकूड आम्ही असंच, 'सुका माल' या शब्दावर घेतलं होतं. तेही आठ दिवसांत दार हवं म्हणून!

तिसऱ्या वखारीत मनासारख्या फळ्या मिळाल्या. घरी आणून काकांनी त्या व्हरांड्यात एकावर एक रचल्या, मध्ये पट्ट्या घालून, म्हणजे सगळीकडून हवा लागेल. तीन आठवडे त्यांना हातच लावला नाही. "घराची हवा लागू दे त्यांना."

आणि हो, दारावर चौकोन चौकोन असतात ना? मला वाटायचं, ती शोभा आहे. पण त्या चौकोनांतल्या फळ्या काकांनी खाचेत नुसत्या सरकवल्या, खिळा नाही की सरस नाही. फुगल्या तर खाचेत जागा आहे, आक्रसल्या तरी बाहेर येत नाहीत. बाहेरची चौकट तेवढी घट्ट. किती साधी युक्ती!

आता श्रावण लागलाय. दार अजून तरी नीट उघडतंय. कडेला रुपयाचं नाणं सरकेल एवढी फट काकांनी मुद्दाम ठेवली आहे. आजी मात्र पोथीला बसताना दार सताड उघडंच ठेवते.