ओलं की सुकं?

ताटातून मातीत : भाग ६

गेल्या आठवड्यात कागदी कपाच्या आतलं अस्तर पाहिलं. आज ‘कंपोस्टेबल’ म्हणून मिळणारा पारदर्शक पेला.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत सरबतासाठी मुद्दाम हेच पेले आणले. साध्या पेल्यांपेक्षा महाग, तरी लोकांनी हौसेनं वर्गणी वाढवून दिली. दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला आलेल्या ताईंनी एक पेला बोटांनी दाबून पाहिला आणि विचारलं, “हा ओल्यात टाकू की सुक्यात?” आम्ही पाच-सहा जण उभे होतो. एकालाही सांगता येईना. दोन पेले मी खताच्या पिंपात टाकले. संक्रांतीच्या सुमारास खत चाळलं, तेव्हा निर्माल्य, केळीची सालं, भाजीची देठं यांची काळीभोर माती झाली होती. पेले चाळणीवर तसेच. जरा दुधाळ झालेले, एवढंच.

यात कुणी फसवलं नव्हतं. हा पेला पीएलएचा, म्हणजे मका किंवा उसाच्या साखरेपासून केलेल्या लॅक्टिक आम्लाच्या लांब साखळ्यांचा. आयएस १७०८८ या भारतीय मानकाची चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते. १८० दिवसांत त्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. त्या उष्णतेला पीएलए मऊ पडतं, ओलावा आत शिरून साखळ्या तोडतो आणि मग जिवाणूंना ते खाता येतं. एवढी ऊब आठवडेच्या आठवडे टिकते ती मोठ्या, वरचेवर पालटल्या जाणाऱ्या ढिगात. गच्चीवरच्या पिंपात नाही.

ताईंचा प्रश्न म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. पेला सुक्यात गेला तर तो पाण्याच्या बाटलीच्या पेट प्लास्टिकसारखाच दिसतो. पीएलए वितळतं १७० अंशांच्या आसपास, पेट २५० च्या. दोन्ही एकत्र गेली तर पेटचा माल नासतो, आणि भाव तुटतो तो भंगार वेचून पोट भरणाऱ्यांचा. ओल्यात गेला आणि पुढे बायोगॅस प्रकल्पात पोचला, तर तिथल्या ३५-४० अंशांत तो जेमतेम कुजतो. बहुतेक वेळा तिथवरही जात नाही. प्लास्टिक समजून आधीच बाजूला निघतो.

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ साली आली, देशभरात एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून. त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांत कंपोस्टेबल वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे : माल औद्योगिक खतप्रकल्पात न्यायचा. कागदावर सोय झाली. आमच्या फाटकाशी मात्र ते पेले मागायला कुणी आलं नाही, आणि प्रकल्पापर्यंतची वाहतूक कुणी करायची हे ठरल्याशिवाय कुणी येणारही नाही.

जिथे दार एकच आहे तिथे हे जमू शकतं, असं माझं मत आहे. कारखान्याचं कँटीन, वसतिगृहाची मेस, मंगल कार्यालय : पेले तिथेच येतात, तिथेच गोळा होतात, एका गाडीत बसतात. गाडी कुठे जाणार ते आधी ठरवावं, खरेदी मग. यंदा आमच्या गणपतीत स्टीलचे पेले ठेवले आणि धुणाऱ्या दोघींना रोजची मजुरी दिली.

पिंपात सहज कुजली ती पळसाची पत्रावळ, चोयांनी टाचलेली. पण हल्ली तिच्याही पाठीला प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. तो का लागतो आणि उसाच्या चिपाडाच्या ताटलीत रस्सा कसा टिकतो, ते पुढच्या भागात.