चरित्रलेखाचा अभ्यास : अभिनेत्री जोआना लम्ली



चरित्रलेख लिहू लागलेल्या अभ्यासकाला पहिला मोह होतो तो घटनांची यादी करण्याचा. जन्म, शिक्षण, विवाह, पुरस्कार या नोंदी एकापुढे एक मांडल्या की माहिती पूर्ण होते. व्यक्ती मात्र वाचकापुढे उभी राहत नाही. अभिनेत्रींच्या बाबतीत हा धोका अधिक असतो, कारण चित्रपटांची नावे आणि सौंदर्याचे वर्णन एवढ्यावरच लेख उरकला जातो. प्रस्तुत घटकात आपण जोआना लम्ली या इंग्लिश अभिनेत्रीच्या जीवनाचा व कारकिर्दीचा परिचय करून घेणार आहोत. त्यांनी आरंभी मॉडेल म्हणून काम केले, पुढे दूरचित्रवाणीवर लोकप्रियता मिळवली आणि उत्तरायुष्यात एका सार्वजनिक लढ्यात महत्त्वाची भूमिका बजावली. हा परिचय करून घेताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा : दिसण्यावर आधारलेल्या व्यवसायातून सुरू झालेल्या प्रसिद्धीचे पुढे काय होते आणि तिचा खरा कस कोठे लागतो?

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• जोआना लम्ली यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
• व्यक्तीचे जीवन आणि तिचा काळ यांतील संबंध स्पष्ट करता येईल;
• चरित्रनायिकेच्या यशाची व मर्यादांची समतोल नोंद कशी घ्यावी, हे सांगता येईल.

१. जन्म आणि कौटुंबिक पार्श्वभूमी

जोआना लम्ली यांचा जन्म १ मे १९४६ रोजी श्रीनगर येथे झाला. त्यांचे वडील जेम्स लम्ली हे सहाव्या गुरखा रायफल्स या पलटणीत अधिकारी होते, तर आईचे वडील लेस्ली वेअर हे सिक्कीममध्ये ब्रिटिश राजकीय अधिकारी होते. म्हणजे हे कुटुंब ब्रिटिश सत्तेच्या लष्करी व प्रशासकीय यंत्रणेशी दोन्ही बाजूंनी जोडलेले होते.

येथे ‘गुरखा’ या शब्दाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे शहरी बोलीत गुरखा म्हणजे रात्रीचा पहारेकरी, असा अर्थ रूढ झाला आहे. प्रस्तुत संदर्भात मात्र हा शब्द नेपाळमधून भरती होणाऱ्या सैनिकांसाठी वापरला आहे. भारत स्वतंत्र झाल्यावर दहा गुरखा पलटणींची विभागणी झाली. सहा भारतीय सैन्याकडे राहिल्या आणि चार ब्रिटिश सैन्यात गेल्या. सहावी पलटण ब्रिटनकडे गेली. त्यामुळे लम्ली कुटुंबानेही भारत सोडला. जोआना यांचे बालपण हाँगकाँग व मलाया येथे गेले आणि पुढील शालेय शिक्षण इंग्लंडमधील निवासी शाळांत झाले. या पलटणीशी असलेले नाते सहा दशकांनंतर त्यांच्या आयुष्यात पुन्हा महत्त्वाचे ठरणार होते, हे ध्यानात ठेवावे.

२. मॉडेल म्हणून काम

वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी लंडनच्या ‘रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट’ या नामांकित नाट्यसंस्थेत प्रवेशासाठी प्रयत्न केला. तेथे त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्यानंतर त्या ल्युसी क्लेटन यांच्या नावाने चालणाऱ्या लंडनमधील प्रशिक्षणसंस्थेत गेल्या आणि सुमारे तीन वर्षे त्यांनी मॉडेल म्हणून काम केले. ब्रायन डफी यांच्यासारख्या नामवंत छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे घेतली. जीन म्यूर या वेशभूषाकारांकडेही त्यांनी मॉडेल म्हणून काम केले.

१९६० च्या दशकातील लंडन हे फॅशन, छायाचित्रण आणि संगीत यांचे मोठे केंद्र होते. तरुण मॉडेलचा चेहरा मासिकांमधून घरोघरी पोहोचत असे. परंतु या व्यवसायाचे स्वरूप लक्षात घ्या. मॉडेलला उच्चारण्यासाठी शब्द नसतात. कपडे एकाने कल्पिलेले, चौकट दुसऱ्याने ठरवलेली आणि छायाचित्राची निवड तिसऱ्याने केलेली असते. चेहरा सर्वांना ठाऊक, पण त्या व्यक्तीचे म्हणणे कोणालाच ठाऊक नाही, अशी ही प्रसिद्धी असते. तरीही कॅमेऱ्यासमोरचा सहजपणा आणि देहबोलीवरील ताबा हे गुण या कामातून अंगी बाणतात.

याच काळात, १९६७ मध्ये, त्यांना मुलगा झाला. त्या तेव्हा अविवाहित होत्या. अविवाहित मातेकडे तत्कालीन इंग्लिश समाज सहानुभूतीने पाहत नसे. म्हणून त्यांच्या आरंभीच्या धडपडीचा विचार करताना एकट्या आईवर असणारी उपजीविकेची जबाबदारीही विचारात घ्यावी लागते.

३. अभिनयाचा आरंभ आणि पर्डी

१९६९ साली प्रदर्शित झालेल्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ या जेम्स बाँडपटात त्यांना लहानशी भूमिका मिळाली. श्रेयनामावलीत त्या पात्राला स्वतंत्र नावही नाही. ‘इंग्लिश मुलगी’ एवढीच त्याची ओळख आहे. मॉडेलिंगमधून अभिनयाकडे वळणाऱ्या स्त्रीकडे चित्रपटव्यवसाय कसा पाहत होता, याचे हे बोलके उदाहरण होय. १९७३ मध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या लोकप्रिय मालिकेत त्यांनी काही भागांपुरते काम केले.

त्यांना खरी ओळख मिळाली ती ‘द न्यू अॅव्हेंजर्स’ (१९७६–७७) या हेरकथांच्या मालिकेतील पर्डी या भूमिकेमुळे. पर्डी सुंदर आहे. परंतु ती नायकाच्या शेजारी केवळ उभी राहत नाही. ती धावते, लढते, निर्णय घेते. तिचे आखूड केस ‘पर्डी कट’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि तशी केशरचना करून घेण्याची लाटच ब्रिटनमध्ये आली. त्यानंतर ‘सफायर अँड स्टील’ (१९७९–८२) या गूढ विज्ञानकथात्मक मालिकेत त्यांनी डेव्हिड मॅकलम यांच्यासमवेत प्रमुख भूमिका केली.

४. स्वतःच्या प्रतिमेकडे हसून पाहणे

१९८९ मध्ये लम्ली यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘स्टेअर बॅक अँड स्माईल’ हे त्याचे शीर्षक. आपल्याकडे टक लावून पाहणाऱ्याकडे उलट पाहावे आणि हसावे, असा त्याचा आशय. जिच्याकडे सतत पाहिले गेले तिने पाहणाऱ्यांकडे पाहण्याची ही भूमिका त्यांच्या पुढील कामात स्पष्टपणे दिसते.

१९९२ मध्ये बीबीसीवर ‘अॅब्सोल्यूटली फॅब्युलस’ ही विनोदी मालिका सुरू झाली. तिचे लेखन जेनिफर सॉन्डर्स यांनी केले होते आणि एडिना ही भूमिकाही त्यांनीच केली. लम्ली यांनी तिची मैत्रीण पॅट्सी स्टोन साकारली. पॅट्सी पूर्वाश्रमीची मॉडेल असून फॅशनच्या मासिकात काम करते. मद्य आणि सिगारेट यांवाचून तिचे पान हलत नाही आणि वय वाढते आहे हे तिला मान्यच नाही. या वेळी लम्ली यांचे वय ४६ होते. सुंदर स्त्रीची प्रतिष्ठा ज्या नीटनेटकेपणावर उभी असते, तोच त्यांनी रंगभूषेपासून चालण्यापर्यंत विस्कटून टाकला. आपण ज्या जगातून आलो त्या जगाचा पोकळपणा त्यांनी आतून ओळखला होता, त्यामुळे हा उपहास परका वाटत नाही. या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनमधील प्रतिष्ठेचे बाफ्टा पारितोषिक मिळाले. पुढे २०१७ मध्ये त्यांना बाफ्टाची फेलोशिप देण्यात आली.

५. गुरखा सैनिकांचा प्रश्न

आता आपण त्यांच्या जीवनातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या सार्वजनिक कार्याकडे वळू. ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या गुरखा सैनिकांना ब्रिटनमध्ये स्थायिक होता येईल, असा नियम २००४ मध्ये झाला. परंतु तो १ जुलै १९९७ नंतर निवृत्त झालेल्यांपुरताच मर्यादित होता. या सुमारास गुरखा ब्रिगेडचे मुख्य ठाणे हाँगकाँगहून ब्रिटनला हलले होते, म्हणून ही तारीख धरण्यात आली. परिणामी ज्यांनी आधीची युद्धे लढली होती तेच वृद्ध सैनिक या हक्काला मुकले. १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील मोगाँगच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे तुल बहादूर पुन हे त्यांपैकी एक. ते लम्ली यांच्या वडिलांच्याच पलटणीतील होते. त्यांनाही प्रथम प्रवेश नाकारण्यात आला होता.

सैनिकांच्या संघटना आणि त्यांचे वकील यांनी हा लढा आधीच उभा केला होता. सप्टेंबर २००८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सरकारचे धोरण बेकायदा ठरवले. नोव्हेंबरमध्ये सुमारे अडीच लाख सह्यांचे निवेदन पंतप्रधानांच्या निवासस्थानी नेण्यात आले, तेव्हा मोर्चाच्या अग्रभागी लम्ली होत्या. २९ एप्रिल २००९ रोजी गुरख्यांना समान हक्क देण्याविषयीचा विरोधी पक्षाचा ठराव संसदेच्या कनिष्ठ सभागृहात २६७ विरुद्ध २४६ मतांनी संमत झाला आणि सरकारचा पराभव झाला. पुढच्याच आठवड्यात काही सैनिकांचे अर्ज फेटाळल्याचे कळताच लम्ली यांनी संबंधित मंत्री फिल वूलास यांना बीबीसीच्या स्टुडिओत गाठले. त्यानंतर दोघेही एकत्रितपणे पत्रकारांना सामोरे गेले. २१ मे २००९ रोजी गृहमंत्री जॅकी स्मिथ यांनी किमान चार वर्षे सेवा केलेल्या सर्व निवृत्त गुरख्यांना स्थायिक होण्याचा हक्क जाहीर केला.

या प्रसंगात लम्ली यांच्या आयुष्यातील धागे एकत्र आलेले आपणांस दिसतील. पलटणीशी असलेले नाते घरातून आलेले होते. कॅमेऱ्यासमोर न डगमगता उभे राहण्याची सवय व्यवसायातून आली होती. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे त्यांचा चेहरा टिपण्यासाठी आले आणि त्या चेहऱ्याने नेपाळी सैनिकांविषयी बोलणे पसंत केले. मात्र येथे अभ्यासकाने एक पथ्य पाळावे. हा विजय एकट्या अभिनेत्रीचा नव्हता. न्यायालयात वर्षानुवर्षे झगडणाऱ्यांचे श्रेय लेखात हरवता कामा नये. शिवाय सर्व प्रश्न सुटले असेही नाही. जुन्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनातील तफावतीचा वाद पुढेही चालू राहिला.

६. प्रसिद्धीची दुसरी बाजू

लंडनमध्ये थेम्स नदीवर झाडाफुलांनी बहरलेला पादचारी पूल असावा, ही कल्पना लम्ली यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मांडली होती. तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन यांनी पुढे तिला पाठबळ दिले. परंतु या ‘गार्डन ब्रिज’वर खर्च, गरज आणि कंत्राट देण्याची पद्धत या मुद्द्यांवरून तीव्र टीका झाली. २०१७ मध्ये प्रकल्प रद्द झाला. पुलाचे बांधकाम सुरूही झाले नाही, पण सार्वजनिक निधीतील सुमारे ४ कोटी ३० लाख पौंड खर्ची पडले.

पैशाचे निर्णय लम्ली यांनी घेतले नव्हते, ते सत्ताधाऱ्यांनी घेतले. तरीही हा प्रसंग चरित्रातून वगळणे योग्य नाही. गुरख्यांच्या वेळी प्रसिद्ध व्यक्तीमागे न्यायालयाचा निकाल, हक्कापासून वंचित राहिलेली माणसे आणि संसदेतील उघड मतदान होते. पुलाच्या वेळी एका आकर्षक कल्पनेला सत्तेपर्यंत लवकर वाट मिळाली आणि तिची कठोर तपासणी मात्र उशिरा झाली. दोन्ही वेळी बंद दारे उघडली ती प्रसिद्धीनेच. दारातून आत जाणारी मागणी किती न्याय्य व किती तपासलेली आहे, यावर त्या प्रसिद्धीचे मोल ठरले.

७. समारोप

२०२२ च्या नववर्ष सन्मानयादीत जोआना लम्ली यांना ‘डेम’ हा किताब जाहीर झाला. किताबाच्या नोंदीने चरित्रलेख संपवणे सोपे असते. तथापि आपण पाहिलेल्या जीवनाचा अर्थ त्या नोंदीत मावत नाही. नाट्यसंस्थेने नाकारलेली मुलगी, शब्द नसलेली मॉडेल, नाव नसलेले पात्र, स्वतःच्या प्रतिमेची खिल्ली उडवणारी अभिनेत्री आणि वृद्ध सैनिकांची बाजू मांडणारी नागरिक या अवस्थांमधील संगती शोधणे, तसेच जेथे ती संगती तुटते तेही प्रांजळपणे नोंदवणे, हे चरित्रलेखकाचे काम होय.

स्वाध्याय

१. मॉडेल म्हणून मिळणाऱ्या प्रसिद्धीचे स्वरूप व तिच्या मर्यादा स्पष्ट करा.
२. पर्डी आणि पॅट्सी या दोन भूमिकांतील स्त्रीप्रतिमेची तुलना करा.
३. गुरखा सैनिकांचा लढा व गार्डन ब्रिज या दोन प्रसंगांच्या आधारे प्रसिद्धी आणि सार्वजनिक जबाबदारी यांचा संबंध आपल्या शब्दांत मांडा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या कलावंताविषयी ३०० शब्दांचा चरित्रलेख लिहा. त्यात त्या व्यक्तीच्या किमान एका मर्यादेची किंवा वादग्रस्त निर्णयाची समतोल नोंद घ्या.